बारा तास एका गाडीत: अ‍ॅम्ब्युलन्सवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

रुजू झाल्यावर तुम्हाला डिफिब्रिलेटर शिकवतील, सक्शन मशीन शिकवतील, स्कूप स्ट्रेचर कसं उघडायचं ते दाखवतील. शेजारच्या सीटवरच्या माणसाबरोबर बारा तास कसं बसायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. तो माणूस आवडायला लागला तर काय करायचं, किंवा त्याला तुम्ही आवडता पण तुम्हाला तो नको आहे, तेव्हा काय करायचं, हा विषय तर ट्रेनिंगमध्ये निघतच नाही.

मी बीएएमएस झाल्यावर आधी नाशिकमधल्या एका खासगी अ‍ॅम्ब्युलन्सवर काम केलं, नंतर सरकारी सेवेच्या गाडीवर. लग्नही याच धंद्यातल्या माणसाशी केलं. त्यामुळे ‘ड्युटीवर असलं काही करू नका’ एवढं सांगून मला मोकळं होता येत नाही. सांगितलं तरी कोणी ऐकणार नाही. रात्री आठ ते सकाळी आठ दोन माणसं एका गाडीत, एका डब्यात जेवतात, एकाच पेशंटवर घाम गाळतात. त्यातून काही जुळलं तर त्यात नवल नाही.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. एक डॉक्टर आणि एक पायलट, म्हणजे गाडी चालवणारा, ही जोडी आपल्याकडे तेव्हापासून ओळखीची झाली. खासगी गाड्यांवर ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ असतो, कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या अपघात विभागात, सिस्टर, ब्रदर आणि सीएमओ, म्हणजे तिथला ड्युटीवरचा डॉक्टर. २०२७ चा सिंहस्थ आता तोंडावर आहे. मागच्या सिंहस्थात, २०१५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या पर्वण्यांना, आम्ही सलग इतके तास जागलो होतो की कोणाची शिफ्ट कधी संपली याचा हिशेबच राहिला नव्हता. अशा दिवसांत माणसं लवकर जवळ येतात आणि तितक्याच लवकर एकमेकांच्या अंगावर येतात. म्हणून आत्ताच लिहिते आहे.

पहिल्या दिवशी हाक ठरवा

पायलट वयाने मोठा असेल तर दादा किंवा भाऊ. लहान असेल तर नावाने, पण ‘अहो’ लावून. डॉक्टर असेल तर सर किंवा मॅडम. सिव्हिलला किंवा बिटको रुग्णालयात पेशंट घेऊन गेलात की सिस्टर, ब्रदर आणि वॉर्डातल्या मावशी, मामा. पुढे दोघांत कितीही जवळीक झाली तरी पेशंटसमोर हीच हाक राहू द्या. रात्री तीनला, म्हातारीला धाप लागलेली असताना डॉक्टरने पायलटला ‘ए, ऐक ना’ म्हटलं, की नातेवाइकांची नजर पेशंटवरून तुमच्या दोघांवर येते. मग तुम्ही कुठलंही इंजेक्शन काढा, त्यांचा विश्वास बसत नाही.

‘दादा’ म्हटलं की विषय मिटला, असा बऱ्याच मुलींचा समज असतो. काही जणी पहिल्याच रक्षाबंधनाला पायलटला राखी बांधून टाकतात. बांधायची तर मनाने बांधा. लोकांच्या तोंडाला कुलूप म्हणून बांधलेली राखी पुढे दोघांनाही अडचणीची होते. लोक बोलायचे ते बोलतातच. रात्रपाळीची स्त्री-पुरुष जोडी म्हटलं की बेसच्या, म्हणजे गाडी उभी असते त्या जागेच्या, चहाच्या टपरीवर काही ना काही शिजतंच. उत्तर द्यायला जाऊ नका, चहाचे पैसे देऊन निघा.

त्याच दिवशी आणखी एक काम करा. झोपायची खोली बघा. बेस कधी ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत असतो, कधी पोलीस चौकीशेजारी. बायकांसाठी वेगळी जागा आहे का, संडासापर्यंत दिवा आहे का, हे विचारा. आतली कडी स्वतःच्या हाताने लावून, दार आतून ओढून बघा. नुसतं ‘आहे ना कडी’ यावर जाऊ नका, स्क्रू निघालेली कडीसुद्धा दिसायला कडीच असते. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये एका डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. ती डॉक्टर रात्रपाळीत थोडी पाठ टेकायला गेली होती, आणि गेली होती ती सेमिनार हॉलमध्ये. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. ते त्यांचं काम करेल, पण तुमच्या खोलीची कडी बघायला कोणी येणार नाही.

ताबा घेताना अबोला चालत नाही

हा माझाच किस्सा आहे. खासगी गाडीवर असताना माझी दिवसपाळी होती आणि रात्रपाळीला जो डॉक्टर होता त्याच्याशी माझं जुळत आलं होतं. आदल्या रात्री फोनवर भांडण झालं. कारण आता आठवतही नाही. सकाळी आठला तो आला, किल्ली बोनेटवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता बाइकला किक मारून गेला. मीही विचारलं नाही. विचारायला जीभ रेटली नाही, असं म्हणा.

दहाच्या सुमाराला सुरगाण्याकडचा कॉल आला. न्यूमोनियाचा पेशंट, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, पडलेलं, नाशिकला आणायचं. मास्क लावला, दहा लिटरवर फ्लो ठेवला आणि मग सिलिंडरच्या गेजकडे बघितलं. काटा चाळिसावर. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असतो तेव्हा काटा दीडशेच्या आसपास असतो आणि आत साधारण दीड हजार लिटर गॅस असतो. चाळीस म्हणजे चारशे लिटर. दहाच्या फ्लोने चाळीस मिनिटं. नाशिक दोन तासांहून जास्त लांब. रात्री त्याने एक लांबचा पेशंट नेला होता आणि सिलिंडर बदलायचा राहिला होता. तो हे मला सांगणार होता. एरवी सांगितलंच असतं.

वाटेतल्या एका ग्रामीण रुग्णालयात गाडी वळवली. तिथल्या ब्रदरने काही न विचारता भरलेला सिलिंडर काढून दिला. पाना सापडेना म्हणून तो शोधण्यात आणखी चार मिनिटं गेली. पेशंट नाशिकला पोचला, बरा होऊन घरीही गेला. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याऐवजी स्वतःला दोष दिला. गाडी घेतल्यावर सिलिंडर बघणं हे माझं काम होतं, तो बोलो न बोलो.

म्हणून ताबा घेताना पाच गोष्टी तोंडाने विचारायच्या आणि तोंडानेच सांगायच्या: ऑक्सिजन किती, सक्शन चालू आहे का, डिफिब्रिलेटरची बॅटरी, औषधांत काय संपलं, डिझेल किती. भांडण झालं असेल, घटस्फोट चालू असेल, दोघांनी एकमेकांचे नंबर ब्लॉक केले असतील, तरीही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून देणं म्हणजे ताबा देणं नव्हे. आणि ऐकल्यावर दुसऱ्याने ते परत म्हणायचं. ‘ऑक्सिजन शंभर.’ ‘बरं, शंभर.’ वेड्यासारखं वाटतं, पण सवय लागते.

जड कॉल झाला त्या रात्री काही ठरवू नका

कसारा घाटात ट्रक आणि कारचा अपघात. तीन जण अडकलेले, त्यात एक लहान मूल. अशा कॉलवरून परत येताना गाडीत कोणी बोलत नाही. घोटीच्या पुढे कुठेतरी ढाब्यावर पायलट गाडी थांबवतो, चहा सांगतो, आणि तुमचे हात थरथरतायत हे त्याला दिसतं. त्या क्षणी शेजारच्या माणसाइतकं जवळचं जगात कोणी वाटत नाही. तुम्ही काय बघितलंत ते फक्त त्यानेच बघितलेलं असतं, घरी सांगून कोणाला कळणार नाही.

ही जवळीक खोटी नसते, पण ती त्या रात्रीची असते. खांद्यावर हात ठेवला, रडू आलं, यात लाजण्यासारखं काही नाही. त्यापुढे जायचं असेल तर मध्ये एक झोप आणि एक जेवण जाऊ द्या. झोपून उठल्यावर, वरण-भात खाल्ल्यावरही तेच वाटत असेल तर पुढचं वाचा. माझ्या ओळखीत अशा रात्रींतून सुरू झालेल्या जोड्या आहेत. काही टिकल्या. ज्या टिकल्या नाहीत, त्यांतल्या बहुतेकांना नंतर नेमकं काय आवडलं होतं हेच आठवत नव्हतं.

विचारायचं झालं तर

शिफ्टमध्ये विचारू नका. गाडीत तर नाहीच. चालत्या गाडीतून समोरच्याला उठून जाता येत नाही आणि ‘नाही’ म्हटल्यावर पुढचे सात तास तिथेच बसायचं असतं. ऑफच्या दिवशी, गंगापूर रोडला नाहीतर कॉलेज रोडला चहाला बोलवा, जिथून ती किंवा तो स्वतःच्या गाडीने घरी जाऊ शकेल.

एकदाच विचारा. ‘बघू’, ‘आत्ता नको’, हसून विषय बदलणं, मेसेज वाचून उत्तर न देणं, हे सगळं ‘नाही’ धरा. आपल्याकडे सिनेमे बघून पोरांना वाटतं की मुलीने नाही म्हटलं म्हणजे अजून दोनदा विचारायचं. बेसवर दुसऱ्यांदा विचारलंत की तो तुमच्या नोकरीचा प्रश्न होऊ शकतो.

आणि ज्याच्या हातात रोस्टर, म्हणजे शिफ्टचा तक्ता, ज्याच्या सहीने रजा आणि पगार निघतो, त्याने हाताखालच्या कोणाला कधीच विचारू नये, असं माझं मत आहे. लोक म्हणतात, प्रेम काय हुद्दा बघून होतं का? नसेल होत. पण नकार देताना हुद्दा बघावाच लागतो, आणि ‘हो’ हे नकार दिला तर काय होईल या भीतीने आलं की मनाने, हे त्या साहेबाला कधी कळणार नाही. इंटर्न, ट्रेनी ईएमटी यांच्या बाबतीतही तेच. ट्रेनिंग संपू द्या, बदली होऊ द्या, मग बघा.

जमलं तर रोस्टरवाल्याला सांगा

इथे सगळे चुकतात. चोरून ठेवतात, आणि वर जोडीने ड्युटी मागून घेतात. उलट करायला हवं. दोघांनी मिळून सुपरवायझरला थोडक्यात सांगायचं: आमचं ठरलं आहे, आम्हाला एका गाडीवर देऊ नका. तपशील द्यायची गरज नाही. तारीख, लग्न, घरचे काय म्हणतात, काही नाही.

भांडणाचं उदाहरण वर दिलं. पण एका गाडीवर नको म्हणण्याचं माझं खरं कारण भांडण नाही. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबणं, चालू आहे असं समजा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दाबणारा दमतो आणि त्याचं त्याला कळत नाही. शेजारच्याला मात्र कळतं. दाब उथळ पडतोय, छाती पुरती वर येत नाहीये. अशा वेळी परका माणूस ओरडतो, ‘खोल दाबा!’ किंवा ‘बदल!’ म्हणून सरळ हात काढायला लावतो. प्रेमातला माणूस अर्धा मिनिट थांबतो. सगळ्यांसमोर तिला कसं म्हणायचं, आत्ताच तर तिला कोणीतरी बोललं होतं. मी हे पाहिलं आहे, आणि कबूल करते, केलंही आहे. अर्धा मिनिट म्हणजे पन्नास-साठ दाब. माया लावलेल्या माणसाची चूक दाखवायला जीव धजत नाही, आणि आपल्या कामात ती त्याच सेकंदाला दाखवावी लागते.

छोट्या मालकाकडे दोनच गाड्या असतील तर जोडी टाळता येत नाही. मग निदान ‘बदल’ हा शब्द घड्याळावर सोडा. मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावा. तो वाजला की बदलायचं, कोणी कोणाला काही म्हणायची गरज उरत नाही.

गाडी म्हणजे खोली नव्हे

यावर फार लिहायला नको. ज्या स्ट्रेचरवर दुपारी रक्त आणि उलटी होती आणि जे हायपोक्लोराइटने पुसलं, ते तुमच्यासाठी नाही. गाडीला जीपीएस असतो, ती नेमून दिलेल्या जागेवरून कुठे आणि किती वेळ गेली ते दिसतं. आणि कॉल कधीही येतो. पाय ताणून पाच मिनिटं डोळे मिटणं वेगळं, बूट काढून दार बंद करणं वेगळं. ड्युटीवर शारीरिक जवळीक नाही: गाडीत नाही, विश्रांतीच्या खोलीत नाही, रुग्णालयाच्या रिकाम्या ओपीडीत नाही. दोघांच्या मर्जीने झालं असलं तरी बेशिस्तीची कारवाई होते, आणि ती योग्यच आहे.

युनिफॉर्ममधले जोडीचे रील्सही नकोत. मागे स्ट्रेचरवर कोणाची तरी आई झोपलेली असते.

पेशंट आणि त्यांचे नातेवाईक

कॉलवर मिळालेला नंबर कॉलपुरताच. ‘आता कशी आहे तब्येत?’ असा मेसेज तिसऱ्या दिवशी पाठवताना मनात नक्की काय आहे, ते पाठवणाऱ्याला माहीत असतं. एमबीबीएस डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंटशी अनुचित संबंध ठेवणं हे गैरवर्तन म्हणून स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि त्यात नोंदणी जाऊ शकते. पायलट, ईएमटी यांना ती संहिता लागू नसेल, पण माणसाची भीती आणि उपकाराची भावना यांचा फायदा घेऊ नये, एवढं समजायला संहिता लागत नाही.

नको असताना

हा भाग नीट वाचा, स्त्री असा वा पुरुष.

२०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा (आपण ज्याला पॉश म्हणतो) फक्त ऑफिसच्या चार भिंतींपुरता नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहन हेही कामाचं ठिकाण धरलं आहे. म्हणजे धावती अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा. कंत्राटी, रोजंदारी, प्रोबेशनवरच्या, ट्रेनी, सगळ्या महिला त्यात येतात. ‘मी तर कंत्राटी आहे’ म्हणून गप्प बसू नका.

नुसता स्पर्शच नव्हे, तर अश्लील विनोद, फोनवरचा व्हिडिओ दाखवणं, ‘ऐकलंस तर रात्रपाळी काढून टाकतो’ असं सुचवणं, हेही छळातच मोडतं. असं काही झालं तर आधी त्या माणसापासून लांब व्हा. गाडी रिकामी असेल तर मागे बसा, मधली खिडकी बंद करा, कंट्रोल रूमला किंवा सुपरवायझरला फोन करून जोडी बदलून मागा. धोका वाटत असेल तर ११२ लावा. हा नंबर आपण दिवसभर लोकांना सांगतो आणि स्वतःवर वेळ आली की विसरतो. घरी गेल्यावर तारीख, वेळ, जागा, कोणते शब्द वापरले, हे वहीत लिहा. मेसेज पुसू नका. त्या दिवसाच्या रोस्टरचा फोटो काढून ठेवा, कारण रोस्टर नंतर बदलली जातात.

दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा असतो. दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे समिती नसते, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असते. तेव्हा जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा, नाशिकला ते सीबीएस बसस्थानकाजवळ आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी चालू असताना दोघांपैकी एकाची बदली किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि ती नेहमीच्या रजेतून कापली जात नाही. आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. हे ठळक सांगते, कारण ‘उलट तुझ्यावरच केस होईल’ ही धमकी हमखास येते.

या कायद्याखाली तक्रार महिलाच करू शकते. पुरुषाला त्रास झाला तर त्याने सेवा नियमांखाली लेखी द्यावं. एका तरुण पायलटला वरिष्ठ बाई रात्री-अपरात्री मेसेज करायच्या. तो सहा महिने कोणाशी बोलला नाही, कारण सगळे हसतील असं वाटत होतं. सांगितल्यावर पहिल्यांदा हसलेच.

आणखी एक. लग्न करायचा इरादाच नसताना तसं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बेसवर ‘करू रे लग्न, घाई काय’ असं सहज म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

घरी

रात्रपाळीला नवऱ्याचा दर तासाला फोन येणं, किंवा बायकोने व्हिडिओ कॉल करून ‘शेजारी कोण आहे दाखव’ म्हणणं, हे नेहमीचं आहे. चिडून फोन बंद करू नका. एखाद्या रविवारी नवऱ्याला किंवा बायकोला बेसवर घेऊन या. पायलटची, डॉक्टरची ओळख करून द्या, गाडी आतून दाखवा. आत ऑक्सिजन, ट्रे, उलटीच्या पिशव्या आणि फिनाइलचा वास आहे हे एकदा नाकाने कळलं की बराच संशय जागच्या जागी उतरतो.

तुटलं तर

तुटतंही. मग महिनाभर वेगळ्या शिफ्टा मागा. बेसवरच्या ग्रुपमध्ये स्टेटस टाकून टोमणे मारू नका. समोरच्याचे खासगी फोटो फोनमध्ये असतील तर पुसा, त्यातला एक जरी कोणाला दाखवलात तर पोलिसांत जाल. ताबा घेताना पाच गोष्टी मात्र बोलायच्याच.

वस्तू परत करायच्या तर ड्युटीच्या जागी करू नका. आमच्यातल्या एकाने तिचं हेल्मेट, पॉवर बँक, स्वेटर आणि दोन डबे एका पिशवीत भरून रागारागाने कॅज्युअल्टीच्या टेबलावर ठेवले आणि निघून गेला. सिस्टरला वाटलं अपघातातल्या कोणा बेवारस पेशंटचं सामान आहे. तिने एकेक वस्तू मोजून रजिस्टरला चढवली, पिशवीला सील लावलं आणि कपाटात ठेवली. सोडवून घ्यायला दोघांनाही यावं लागलं: त्याला ‘मीच ठेवली’ म्हणून लिहून द्यायला, आणि तिला ‘माझंच आहे’ म्हणून सही करायला.